तळच्या तीन बाटल्या

लोणारच्या सरोवरात उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वर चढायला लागतो, हे जानराव गुरुजींना तिसाव्या वर्षी ठाऊक नव्हतं, आणि आता चोपन्नाव्या वर्षी त्यांना दुसरं काही आठवेनासं झालं होतं. दर गुरुवारी सकाळची शाळा सुटली की ते खाली उतरत आणि ऊन कलल्यावर वर येत. चढताना तीन जागी बसत. पूर्वी एकाच जागी बसत. वाटेत कोणी हटकलं तर म्हणत, "सरोवर पाहून राह्यलो," जसं काही तीन वर्षांत ते पाहून झालं नव्हतं.

या सगळ्या उठाठेवीचं मूळ म्हणजे इंद्रभान. सुलतानपूरचा हा मुलगा गुरुजींच्या हाताखाली विज्ञान शिकला, पुढे नागपूरला गेला, तिथून मुंबईला, आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत चिकटला. मॅट्रिक होईपर्यंत ज्यानं लोणारच्या सरोवराहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं तो समुद्राचे प्रवाह मोजायला बसला, म्हणजे नशीबसुद्धा कधीकधी चेष्टेखोर असतं. अडुसष्ट सालच्या आषाढात त्याचं चार पानी पत्र आलं. संस्थेला एका मोठ्या गणकयंत्रावर काम करायला मिळतं, त्या यंत्रात आपण समुद्र मांडतो आहोत, असं त्यानं लिहिलं होतं. समुद्र मांडायचा म्हणजे काय, तर त्याचे रांजण कल्पायचे. वरचा रांजण, मधला रांजण, तळचा रांजण. कोणत्या रांजणातून कोणत्या रांजणात रोज किती पाणी जातं, त्याबरोबर किती मीठ, किती चुना, किती गंधक जातं, हे भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहून यंत्राला द्यायचं. मग यंत्र एकेक दिवस पुढे ढकलत शंभर वर्षांचा समुद्र दोन-चार मिनिटांत फिरवून दाखवतं.

"परंतु समुद्रातून एक बाटली भरून आणायची तर जहाज लागते," इंद्रभाननं लिहिलं होतं. "आपले सरोवर म्हणजे घरचा समुद्र. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. सर्व क्षार आतल्या आत फिरतात. आधी तीन रांजणांचे सरोवर यंत्रात जुळले तर पुढे बारा रांजणांचा अरबी समुद्र करता येईल. आपण दर आठवड्याला नऊ बाटल्या पाठवाल काय?"

गुरुजींनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा विमलबाई पोळ्या लाटत होत्या. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," त्या म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली. त्या साली शाळेत दोन मास्तर कमी होते, अकरावीचा सगळा भार गुरुजींवर होता, आणि वसतिगृहाची देखरेखही त्यांच्याच गळ्यात. पण कोणाला नाही म्हणणं गुरुजींना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी उलट टपाली होकार कळवला.

मग शकूरला गाठलं. शकूर पत्र्याचं काम करणारा, डबे, गाळण्या, कंदिलाची टाकी, काय म्हणाल ते बनवणारा. त्यानं रॉकेलच्या सोळा रिकाम्या डब्यांची तोंडं बंद केली, वर फळ्या ठोकल्या आणि तराफा तयार केला. ज्या पाण्यात मासा जगत नाही आणि ज्याच्या काठचा काळा चिखल सडक्या अंड्यांसारखा घाण मारतो, त्या पाण्यावर हे दोघे पन्नाशीतले गृहस्थ दर गुरुवारी बांबू रेटत जात. तीन ठिकाणी थांबायचं. प्रत्येक ठिकाणी वरची, मधली आणि तळची अशा तीन बाटल्या भरायच्या. बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की बुचाची दोरी झटक्यानं ओढायची, बुडबुडे थांबले की बाटली वर घ्यायची आणि रबरी बूच बसवून दोऱ्यानं गच्च बांधायची. काठोकाठ भरायची, आत हवा राहू द्यायची नाही, पुन्हा उघडायची नाही, अशी इंद्रभानची ताकीद होती.

रात्रभर बाटल्यांची पेटी ओसरीवर असे. शुक्रवारी दहाला गुरुजी शाळेत जात. अकराच्या सुमाराला शकूर येई, पेटीत वाळलं गवत कोंबून झाकण ठोकी, सायकलवर बांधून एस. टी. स्टँडवर नेई आणि जालन्याच्या गाडीत चढवी. तिथून ती रेल्वेनं मुंबईला जाई. विमलबाईंचा या कामाशी संबंध एवढाच, की त्या वासाच्या नावानं नाक मुरडत. निदान गुरुजींची तरी तशी समजूत होती.

विमलबाई गेल्या भाद्रपदात गेल्या. विषमज्वरानं तीन आठवडे अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की आतडी नाजूक झाली आहेत, उठून बसायचंसुद्धा नाही. गुरुजी म्हणाले होते, "मी राह्यतो घरी." विमलबाई म्हणाल्या होत्या, "जा तुमी. पोरं बोंबलत बसतीन शाळेत." मग गुरुजी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून दहाला निघत, आणि बाराला शेजारच्या कौशल्याबाई पेज घेऊन येत आणि गुरुजी परतेपर्यंत थांबत, गुरुवारी ते सरोवरावरून येईपर्यंतसुद्धा. मधले दोन तास त्या एकट्या असत. तेरा सप्टेंबरला, रविवारी, पहाटे त्या गेल्या.

सुतकात गुरुजी घराबाहेर पडले नाहीत. ते दोन गुरुवार शकूर एकटाच सरोवरावर गेला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी गेला. तिसऱ्या गुरुवारी गुरुजी पुन्हा उतरायला लागले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी बसून तरी काय करायचं होतं? पण त्यानंतर त्यांचा थकवा झोपून उठल्यावर जाईना. भाकरी थापताना दमत, फळ्यावर लिहिताना दमत, पोरांनी नमस्कार केला तर उलटून नमस्कार करायचाही त्यांना कंटाळा येई. यंदाच्या उन्हाळ्यात हे बाटल्यांचं काम सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. इंद्रभानला तसं पत्रही लिहून ठेवलं होतं. ते टाकायचं तेवढं राहत होतं.

तर एकाहत्तरच्या मार्च महिन्यात, एका शनिवारी दुपारी, इंद्रभानच दारात उभा राहिला. अंगात टेरिलीनचा शर्ट, काखेत कागदांचं भलं मोठं बाड. त्यानं वाकून पाया पडून घेतलं आणि भिंतीवरच्या विमलबाईंच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला. मग चहा झाला. इंद्रभाननं उन्हाची चौकशी केली, शाळेची केली, गुरुजींच्या गुडघ्यांची केली. शकूरच्या तराफ्याचीही केली.

"इंद्रभान," गुरुजी म्हणाले, "ताकाले येऊन भांडं काऊन लपवतं? काय आनलं ते दाखव."

इंद्रभान हसला आणि त्यानं ते बाड जमिनीवर उलगडलं. एकाला एक जोडलेला, घड्या घातलेला कागद, दोन्ही कडांना भोकांची रांग. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला तरी संपेना. त्यावर नुसते आकडे होते.

"गुरुजी, आपल्या सरोवराच्या तळाशी झरा आहे."

"कोनी सांगतलं?"

"तुमच्या बाटल्याईनं!" मुंबईत दहा वर्षं राहून कमावलेली त्याची शुद्ध भाषा आनंदाच्या भरात गळून पडली होती. "आपलं पानी सोड्याचं. असल्या पान्यात चुना टिकत नाही, लगेच पांढरा गाळ होऊन खाली बसते. हे तुमीच शिकवलं मले. पन तळच्या तिन्ही बाटल्याईत दर आठवड्याले ताजा चुना भेटते. वरच्या बाटल्याईत नाही, मधल्यात नाही, फक्त तळच्या. दीड वर्ष मी डोकं फोडलं. यंत्र काही केल्या जुळे ना. मंग मी तळाशी एक झरा मांडला, गोड्या पान्याचा, चुन्याचा. अन् सगळं जुळलं, गुरुजी. चुना जुळला, सोडा जुळला, पान्याचं फिरणं जुळलं. हे पाहा."

गुरुजींनी चष्मा लावला. महिन्यांची नावं इंग्रजीत होती आणि प्रत्येक महिन्यापुढे झऱ्याचा आकडा. जुलै अडुसष्टपासून तो आकडा जवळजवळ सारखाच चालला होता, उन्हाळ्यात थोडा जास्त. आपल्या तीन वर्षांच्या गुरुवारांचं असं काही तरी झालं, हे पाहून त्यांना बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं. टाकायचं राहिलेलं ते पत्र आता फाडून टाकावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"फक्त एक आहे," इंद्रभान म्हणाला. "मागच्या सप्टेंबरात झरा आटला. हळूहळू नाही, एकदम. तवापासून तळच्या बाटल्याईत चुन्याचं नाव नाही. मी म्हनतो, डोंगरातली वाट बुजली असंन."

गुरुजींचं बोट सप्टेंबरवर येऊन थांबलं. त्या महिन्यात त्यांच्या घरात काय झालं ते इंद्रभानला माहीत होतं, पण हे दोन एकत्र ठेवायचं त्याला काही कारण नव्हतं. गुरुजींनाही नव्हतं. तरी त्यांचं बोट तिथून हलेना.

इंद्रभाननं पिशवीतून टाइप केलेला एक कागद काढला. वर संस्थेचं नाव, खाली चार ओळी. सरोवरातून भरल्यापासून संस्थेत पोचेपर्यंत बाटल्या कोणीही उघडलेल्या नाहीत असं मी प्रमाणित करतो. त्याखाली सहीसाठी मोकळी जागा.

"पुढच्या महिन्यात दिल्लीले परिषद आहे. तिथं हे वाचाचं आहे. आमचे मोठे साहेब म्हनतात, पानी भरनाऱ्याची सही असल्याबिगर मी हे पाठवनार नाही. एवढं झालं का मले अरबी समुद्रासाठी यंत्राचे चाळीस तास देतो म्हनाले. चाळीस तास, गुरुजी! आतापावतो मले बारा बारा मिनिटं भेटत."

"आज राहू दे," गुरुजी म्हणाले. "उद्या सकाळी सही घेऊन जा. नीट वाचतो."

चार ओळी वाचायला रात्र कशाला लागते, हा प्रश्न इंद्रभानच्या चेहऱ्यावर दिसला. पण गुरुजींना उलटून विचारायची त्याची पिढी नव्हती. बाड तिथंच ठेवून तो संध्याकाळच्या गाडीनं आईला भेटायला सुलतानपूरला गेला.

गुरुजी चपला घालून थेट शकूरच्या दुकानावर गेले. त्यांच्या डोक्यात एकच शंका होती. सुतकातले ते दोन गुरुवार शकूर एकटा गेला होता. एकट्यानं तराफा धरायचा आणि दोन दोऱ्याही सांभाळायच्या, म्हणजे कसरतच. त्यानं तळचं म्हणून मधलंच पाणी भरलं असेल आणि पुढेही त्याच चुकीची सवय लागली असेल, तर झरा आटायचं कारण सापडत होतं. शकूर एका चाळणीला नवा पत्रा ठोकत बसला होता.

"शकूर, खरं सांग. त्या दोन गुरुवारी बाटली तळाशी टेकली होती का नाही?"

शकूरनं हातोडी खाली ठेवली. "अल्ला कसम टेकली होती. हे काय विचारनं झालं, गुरुजी? तीन वर्षं संग काम करून राह्यलो."

"रागावू नको. मुंबईचं यंत्र म्हनते, तवापासून तळच्या पान्यात फरक पडला."

"मी तं काई फरक केला नाही. जसं तुमी भरत तसंच भरलं, तसंच बांधलं." त्यानं हातोडी पुन्हा उचलली. "आता भाभी नवत्या, तं वरून पानी घालाचं तेवढं राह्यलं. ते मले जमलं नसतं. माह्या हातानं पडलंच नसतं तसं."

"कोनतं पानी?"

शकूर त्यांच्याकडे बघत राहिला. "तुमाले मालूम नाही?"

मग त्यानं सांगितलं. तळच्या बाटल्यांत वायू फार. आदल्या दिवशी काठोकाठ भरलेली बाटली सकाळी बघावी तर दोन बोटं उणी. वायू बुचाच्या फटीतून निघून जायचा आणि पाणी खाली बसायचं. वरच्या नि मधल्या बाटल्या जशाच्या तशा असत, तळच्या तिन्ही उण्या. पहिल्याच शुक्रवारी विमलबाईंनी ते पाहिलं होतं. "म्हने, उनं भांडं दारातून जाऊ देऊ नये, शकूरभाऊ. ममईचे लोकं काय म्हनतीन, लोनारवाल्याईनं पान्यातही हात आखडला? मंग दोरा सोडत, देवाजवळची पळी आनत, माठातलं पानी घालत गळ्यापावतो. पुन्हा दोरा बांधत, तुमच्यासारखाच. दर शुक्रवारी. मले वाटलं, तुमीच सांगतलं असंन."

माठात पाणी असायचं ते आडाचं. त्या आडाच्या पाण्यानं हंड्याला आतून पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गुरुजी दरवर्षी आठवीच्या वर्गाला जड पाण्याचं उदाहरण म्हणून तोच आड सांगत.

"अन् आजारी होती तवा?" त्यांनी विचारलं.

"तवाचं मी काई पाह्यलं नाही. पेटी ओसरीवर राहे. मी आवाज देऊ, त्या आतून 'न्या भाऊ' म्हनत. मी घेऊन जाऊ." शकूरचा आवाज उतरला. "गुरुजी, काई बिघडलं का?"

"नाही," गुरुजी म्हणाले आणि घरी आले.

रविवारी सकाळी आंघोळ करून ते तो टाइप केलेला कागद पुढे घेऊन बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. शकूर कोणाला सांगायला जाणार नव्हता. सही केली तर इंद्रभान दिल्लीला जाणार, त्याला चाळीस तास मिळणार, आणि सरोवराच्या तळाशी एक झरा होता असं कुठल्याशा इंग्रजी मासिकात छापून येणार. विमलबाईंचं नाव त्यात नसेल, पण पाणी त्यांच्या हातचं असेल. ज्या बाईचं नाव रेशनकार्डाखेरीज कशावर छापलं गेलं नव्हतं, तिची एवढी तरी खूण राहिली तर कोणाच्या बापाचं काय जात होतं? गुरुजींना हे इतकं हवंसं वाटलं की त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पण त्या तीन रांजणांवर उद्या अरबी समुद्र उभा राहणार होता. इंद्रभान आधी चुना जुळवील, मग त्यावर दुसरं काही, मग तिसरं, आणि दहा वर्षांनी कुणी तरी हुशार माणूस येऊन विचारील की हा झरा कुठाय, दाखवा. तोवर गुरुजींना गप्प राहावं लागलं असतं. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहिलं: तळच्या तीन बाटल्या दर शुक्रवारी माझ्या घरी उघडल्या गेल्या. त्यांत आडाचे पाणी घातले गेले. मला ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते. खाली सही केली आणि तारीख घातली.

इंद्रभान नऊ वाजता आला. त्यानं उभ्यानंच कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खाली बसला. गुरुजींनी शकूरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

"तुमच्या घरात?" इंद्रभान म्हणाला. "गुरुजी, तुमच्या घरात? मी साहेबाले छातीवर हात ठेवून सांगतलं होतं, का पृथ्वी उलटी फिरंन पन माह्या गुरुजीच्या बाटल्याईले कोनी हात लावनार नाही."

गुरुजींनी चष्मा काढून खाली ठेवला.

"दिल्ली गेली," इंद्रभान म्हणाला. "चाळीस तास गेले." त्याचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला होता, आणि तो चेहरा गुरुजींनी या गड्याच्या बाबतीत उभ्या शिक्षणात कधी पाहिला नव्हता. जमिनीवर पसरलेल्या कागदाची एक घडी त्यानं घातली, दुसरी घातली, तिसरी घालताना त्याचा हात थांबला.

"पळी कुठं आहे?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी देवघरातून पळी आणून दिली. इंद्रभाननं पिशवीतून काचेची एक बारीक मोजनळी काढली, माठातलं पाणी पळीनं तीत ओतलं आणि आकडा लिहून घेतला. मग एका रिकाम्या बाटलीत आडाचं पाणी भरून घेतलं. राग त्याच्या तोंडावर तसाच होता, पण हात कामाला लागले होते. झरा खोटा असला तरी सरोवर खोटं नव्हतं. बाईंनी किती घातलं ते कळलं तर तेवढं वजा करता येईल, तीन वर्षं सगळीच पाण्यात जायची नाहीत, असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्यानं बाडाच्या तळातून दुसरे कागद काढले. यांवर महिने नव्हते, आठवडे होते, एकेका गुरुवारच्या तारखेचे.

"आडातला चुना कितीक असंन?"

गुरुजींना तो पाठ होता. आठवीच्या वर्गासाठी त्यांनी तो स्वतः काढलेला होता. इंद्रभान पेन्सिलीनं आकडेमोड करत राहिला. बाहेर कौशल्याबाईंनी अंगणात गहू वाळत घातले होते, आणि त्या चिमण्या हाकलत होत्या.

"दोन पळ्या," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजातला राग जाऊन तिथं नवल आलं होतं. "दर बाटलीत दोन पळ्या, गुरुजी. उन्हाळ्यात अडीच. शंभरावर आठवडे झाले, पन यंत्राले झरा वाटला इतकं सारखं. आमच्या संस्थेतले लोकंही इतकं सारखं ओतत नाहीत."

"शेवटचे तीन आठवडे वजा नको करू," गुरुजी म्हणाले. "ऑगस्टचा शेवटचा गुरुवार अन् पुढचे दोन. तवा ती अंथरुणात होती. डॉक्टरनं उठून बसाचंसुद्धा नाही म्हनून सांगतलं होतं. त्या आठवड्याईत बाटल्या कोनी उघडल्या नाहीत. ते तीन आकडे तुले चोख भेटतीन."

इंद्रभानचं बोट रकान्यातून खाली गेलं. एका जागी थांबलं, पुढे सरकलं, परत मागे आलं.

"काय झालं?"

"गुरुजी, त्यात चुना आहे."

"कोनत्या आठवड्यात?"

"तिन्ही."

गुरुजी उठले आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. खाट अजून तिथंच होती. खाटेपासून माठापर्यंत पाच पावलं, माठापासून देवघरापर्यंत तीन, आणि मग उंबरा ओलांडून ओसरी. तिथं खाली बसायचं, तीन गाठी सोडायच्या, पाणी घालायचं, तीन गाठी बांधायच्या, आणि शकूर यायच्या आत परत खाटेवर येऊन 'न्या भाऊ' म्हणायचं. एकशे तीन ताप. पाण्यासाठी उठावं लागू नये म्हणून ते उशाशी तांब्या ठेवून जात होते. त्यांना तिचा भयंकर राग आला. आपला आला, त्या नऊ बाटल्यांचा आला, ज्यांना ते नाही म्हणाले नव्हते त्या सगळ्यांचा आला. हे असं उठणं तिला भोवलं असेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि तो आता कधी जाणार नाही हेही त्यांना कळलं. दोन तास. फक्त दोन तास घरी राहायचं होतं.

ते परत येऊन इंद्रभानजवळ बसले. गुडघे वाजले. इंद्रभाननं पेन्सिल खाली ठेवली होती आणि तो त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

"दहा तारखेच्या बाटल्या," गुरुजी म्हणाले. "त्या अकराले, शुक्रवारी गेल्या. ती रविवारी गेली. त्या शुक्रवारी तिनं किती घातलं होतं?"

इंद्रभाननं आकडा दोनदा पाहिला आणि पेन्सिलीनं भागाकार करून घेतला.

"नेहमीइतकंच, गुरुजी," तो म्हणाला. "दोन पळ्या."